क जीवनसत्त्व आतड्यात किती शिरते, कसे शिरते आणि त्यानुसार ताट कसे लावावे

गोळीच्या पाकिटावर ठळक अक्षरांत 1000 मिलिग्रॅम छापलेले असते आणि आपण धरून चालतो की एवढे सगळे अंगी लागणार. प्रत्यक्षात त्यातले निम्म्याच्या आसपास आतड्याची भिंत ओलांडते. जे ओलांडते, त्यातलाही मोठा भाग काही तासांत लघवीवाटे निघून जातो. यात गोळीचा दोष नाही. किती आत घ्यायचे हे लहान आतड्याच्या अस्तरातल्या पेशी ठरवतात आणि किती राखून ठेवायचे हे मूत्रपिंड. 2020 साली घरोघरी या गोळ्यांच्या पट्ट्या जमा झाल्या, तेव्हा हे दोघे काय करतात हे फारसे कोणी सांगितले नाही.

या लेखात आधी पेशीचे काम समजून घेऊ आणि मग त्यावर बेतून खाण्याची, शिजवण्याची आणि गोळीची घडी बसवू. पहिल्या तीन पायऱ्या समजून घ्यायच्या आहेत, पुढच्या करायच्या. घाई असेल तर चौथ्या पायरीवरून सुरुवात करा. मात्र तिथले आकडे कुठून आले ते तिसरीत आहे.

पायरी 1 : आपली गरज किती, ते आधी ठरवा

शेळी, गाय, कुत्रा हे प्राणी क जीवनसत्त्व स्वतःच्या यकृतात ग्लुकोजपासून बनवतात. माणसाला ते जमत नाही, कारण त्या साखळीतले शेवटचे विकर (एन्झाइम) बनवणारा जनुक आपल्यात निकामी झालेला आहे. माकडे, गिनीपिग आणि वटवाघळांच्या काही जाती यांचीही तीच गत. त्यामुळे आपल्याला मिळते ते फक्त तोंडावाटे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांच्या 2020 च्या शिफारशीनुसार प्रौढ पुरुषाला दिवसाला 80 मिलिग्रॅम, स्त्रीला 65, गर्भवतीला 80 आणि अंगावर पाजणाऱ्या आईला 115 मिलिग्रॅम लागते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांची गरज जास्त असते. अमेरिकेत त्यांच्यासाठी 35 मिलिग्रॅम वाढवून धरतात. स्कर्व्ही टाळण्यापुरते म्हणाल तर दिवसाला 10 मिलिग्रॅमही पुरते. शिफारशीतला आकडा मोठा आहे, कारण त्यात शरीरातला साठा भरलेला राहावा हा हिशेब धरलेला आहे. निरोगी प्रौढाच्या शरीरात हा साठा साधारण दीड ग्रॅमचा असतो. तो 300 मिलिग्रॅमच्या खाली गेला की हिरड्या सुजणे, त्वचेखाली रक्ताचे ठिपके दिसणे, जखम न भरणे ही लक्षणे सुरू होतात. आहारातून क जीवनसत्त्व पूर्ण बंद झाले तर इथवर यायला एक ते तीन महिने लागतात.

म्हणजे एखाद्या दिवशी फळ खाल्ले नाही म्हणून काही बिघडत नाही. महिनोन् महिने नुसत्या वरण-भातावर किंवा चहा-बिस्किटांवर काढणारी एकटी राहणारी म्हातारी माणसे, ही काळजीची बाजू.

पायरी 2 : पेशीत शिरण्याच्या दोन वाटा ओळखा

क जीवनसत्त्व म्हणजे ॲस्कॉर्बिक आम्ल. आतड्यातल्या द्रवात ते ॲस्कॉर्बेट या ऋणभारित रूपात असते. पेशीचे आवरण स्निग्ध असते आणि असा भारित, पाण्यात विरघळणारा रेणू त्यातून आपोआप झिरपत नाही. त्याला आत नेणारे प्रथिन लागते.

आतड्याच्या पोकळीकडे तोंड असलेल्या पेशीच्या बाजूवर असे एक वाहक प्रथिन बसलेले असते. त्याचे नाव एसव्हीसीटी-1. दोन सोडियम आयनांच्या जोडीने ते एक ॲस्कॉर्बेट आत ओढते. पेशीतले सोडियम सतत बाहेर उपसणारा पंप पेशीच्या रक्ताकडच्या बाजूवर असतो. त्यामुळे आत सोडियम कमी, बाहेर जास्त असा उतार कायम राहतो आणि त्या उताराच्या जोरावर ॲस्कॉर्बेट आत येते. पंपाला ऊर्जा लागते, म्हणजे एका लिंबाच्या फोडीतले क जीवनसत्त्व आत घ्यायलाही पेशीला खर्च येतो. हा वाहक आणि त्याचा भाऊ एसव्हीसीटी-2 यांचे जनुक बोस्टनमधल्या मॅथियास हेडिगर यांच्या गटाने 1999 साली ओळखले. त्याआधी सोडियम लागतो एवढे माहीत होते, पण ते नेमके प्रथिन हाती नव्हते.

एसव्हीसीटी-2 याच पेशीत असते, पण रक्ताकडच्या बाजूला. एसव्हीसीटी-1 एका वेळी भरपूर माल हलवू शकते, तर एसव्हीसीटी-2 अगदी थोडे असले तरी धरते. आतड्याची पेशी त्याच्या मदतीने रक्तातून स्वतःच्या गरजेपुरते परत घेते. मेंदू आणि इतर बहुतेक अवयवांतही हेच एसव्हीसीटी-2 काम करते. ते नसलेली उंदरांची पिल्ले जन्मल्यावर लगेच दगावतात.

दुसरी वाट वेगळी आहे. फळ कापून ठेवले, भाजी तापवली, रस हवेत राहिला, की ॲस्कॉर्बेटचे ऑक्सिडीकरण होऊन डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल बनते. नाव भयंकर असले तरी रेणू उपयोगी आहे. त्याचा आकार ग्लुकोजशी जुळतो, म्हणून ग्लुकोजचे वाहक, म्हणजे ग्लूट कुळातली प्रथिने, त्याला आत घेतात. पेशीत पोचताच ग्लुटाथायोन हा पेशीतला छोटा रेणू आणि काही विकरे त्याचे पुन्हा ॲस्कॉर्बेट करतात. त्यामुळे थोडे ऑक्सिडीकरण झालेला रस वाया गेला असे नाही. पण हा रेणू फार टिकत नाही. पुढे तो आणखी फुटला की मात्र परतीचा रस्ता बंद, आणि मग ते जीवनसत्त्व राहत नाही.

या वाटेवर ग्लुकोज आणि डीहायड्रोॲस्कॉर्बिक आम्ल यांची स्पर्धा होते. मग साखर घातलेले लिंबू सरबत फुकट का? नाही. ताज्या फळात आणि रसात बहुतांश भाग ॲस्कॉर्बेटच्याच रूपात असतो आणि तो पहिल्या वाटेने जातो. सरबतातली साखर कमी करायला इतर कारणे भरपूर आहेत, त्यासाठी क जीवनसत्त्वाला मध्ये ओढायची गरज नाही.

पेशीत आलेले ॲस्कॉर्बेट पलीकडे रक्तात नेमके कोणत्या प्रथिनातून उतरते, यावर शास्त्रज्ञांचे अजून एकमत झालेले नाही. आत येण्याची वाट रेणूपातळीवर माहीत आणि बाहेर पडण्याची अंधारात, अशी ही गंमत आहे.

पायरी 3 : पेशी आवर कसा घालते, ते समजून घ्या

सगळ्या लेखाचा कणा हा भाग आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

पहिला आवर संख्येचा. पेशीच्या पृष्ठभागावर वाहक ठरावीकच असतात. टोलनाक्यावर खिडक्या सहा असतील तर गाड्यांची रांग कितीही लांबली तरी तासाला सुटणाऱ्या गाड्या तेवढ्याच. थोडे थोडे आले की जवळपास सगळे शोषले जाते; एकदम मोठा डोस आला की वाहक पूर्ण भरतात आणि उरलेले पुढे मोठ्या आतड्यात जाते.

दुसरा आवर पेशी स्वतः घालते. आतड्यात क जीवनसत्त्व सतत भरपूर राहिले, तर ती पृष्ठभागावरचे वाहकच कमी करते. मानवी आतड्याच्या पेशींसारख्या वागणाऱ्या काको-2 पेशी प्रयोगशाळेत ॲस्कॉर्बेटच्या दाट द्रावणात ठेवल्या, तेव्हा एसव्हीसीटी-1 चा संदेशवाहक आरएनए (जनुकाची नक्कल, जिच्यावरून प्रथिन बनते) घटला आणि शोषणही घटले. भरपूर क जीवनसत्त्व खाऊ घातलेल्या गिनीपिगांच्या आतड्यातही शोषणाचा वेग कमी झालेला दिसला. पेशीकेंद्रात या जनुकाचे वाचन एचएनएफ-1 नावाच्या प्रथिनाच्या हाती असते. याखेरीज पेशीतल्या काही संकेतांमुळे आधीच बसलेले वाहक पृष्ठभागावरून आत ओढून घेतले जातात. त्याला जनुकापर्यंत जावे लागत नाही, म्हणून तो बदल लवकर होतो.

तिसरा आवर आतड्याबाहेरचा, मूत्रपिंडाचा. तिथल्या नलिकांतही एसव्हीसीटी-1 असते. गाळून आलेले ॲस्कॉर्बेट ते परत रक्तात घेते, पण त्याचीही क्षमता मर्यादित आहे. एसव्हीसीटी-1 चा जनुक काढून टाकलेल्या उंदरांत एक अनपेक्षित गोष्ट दिसली. आतड्यातून शोषण बरेचसे चालू राहिले, पण लघवीतून गळती कित्येक पटींनी वाढली. (उंदीर हे जीवनसत्त्व स्वतः बनवतात, म्हणून त्यांचे निष्कर्ष माणसाला जसेच्या तसे लावता येत नाहीत.) तरी त्यातून एक दिसते. आतड्याला दुसरी वाट आहे, मूत्रपिंडाला तेवढी नाही.

हे तिन्ही आवर मिळून माणसात काय होते, ते अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत मार्क लेव्हिन यांच्या गटाने मोजले आणि 1996 साली प्रसिद्ध केले. सात निरोगी तरुणांना कित्येक महिने रुग्णालयात ठेवून आधी त्यांच्या शरीरातला साठा उतरवला. मग 30 पासून 2500 मिलिग्रॅमपर्यंत रोजचा डोस टप्प्याटप्प्याने वाढवत नेला. एका वेळी दिलेले 200 मिलिग्रॅम जवळजवळ पूर्ण शोषले गेले. 500 चे साधारण तीन चतुर्थांश. 1250 चे निम्म्याहूनही कमी. रोज 200 मिलिग्रॅम घेतले की रक्तद्रवातली पातळी दर लिटरला 70 मायक्रोमोलच्या आसपास जाते आणि पुढे डोस कितीही वाढवला तरी ती फारशी हलत नाही. पांढऱ्या पेशी तर रोजच्या 100 मिलिग्रॅमवरच भरून जातात. त्याच सुमारास लघवीतून क जीवनसत्त्व बाहेर पडू लागते.

शिरेतून दिले की आतडे हा पहारेकरी टळतो आणि रक्तातली पातळी तोंडावाटे कधीच गाठता येणार नाही इतकी वर जाते. 1970 च्या दशकात रसायनशास्त्रज्ञ लायनस पॉलिंग आणि डॉक्टर ईवन कॅमेरॉन यांनी कर्करोगात फायदा होतो असे लिहिले, तेव्हा त्यांच्या रुग्णांना सुरुवातीला शिरेतूनही डोस दिला होता. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिक या रुग्णालयाने नंतर फक्त तोंडावाटे 10 ग्रॅम देऊन तपासले आणि फायदा दिसला नाही. दोन्ही बाजू वेगवेगळ्या गोष्टी मोजत होत्या, हे लक्षात यायला पुढे बरीच वर्षे गेली. यावरून शिरेतला डोस कर्करोगावर चालतो असे सिद्ध होत नाही. तो अजून संशोधनाचाच विषय आहे आणि कुणी ड्रिपचे पॅकेज विकत असेल तर सावध राहा.

पायरी 4 : दिवसभरात वाटून घ्या

आता हिशेब सोपा झाला. एका वेळी 200 मिलिग्रॅमपर्यंत पेशी आनंदाने घेते. बहुतेकांची दिवसाची गरज शंभराच्या आत. म्हणजे दोन वेळच्या खाण्यात थोडे थोडे आले की काम झाले.

घरात मिळणाऱ्या गोष्टींचा अंदाज असा. पेरूत 100 ग्रॅममागे 200 मिलिग्रॅमच्या वर असते, म्हणजे मध्यम आकाराचा अर्धा पेरू प्रौढाची दिवसाची गरज भागवतो. आवळ्यात 100 ग्रॅममागे 250 ते 600 असे आकडे वेगवेगळ्या तक्त्यांत दिसतात, कारण जात आणि मोजण्याची पद्धत बदलते. खालचा आकडा धरला तरी एक मोठा आवळा दिवसाला पुरे. नागपुरी संत्र्यातून 40 ते 60 मिलिग्रॅम मिळते. ढोबळी मिरची कच्ची खाल्ली तर उत्तम. हंगेरीच्या सेगेडमध्ये आल्बर्ट सेंट-ज्यॉर्जी यांनी हे जीवनसत्त्व मोठ्या प्रमाणात वेगळे काढले ते पाप्रिकातून, म्हणजे तिथल्या लाल मिरचीतून, आणि 1937 साली त्यांना नोबेल मिळाले. शेवग्याचा पाला कच्चा असताना श्रीमंत असतो, शिजवल्यावर बराच गमावतो.

लिंबाची कीर्ती मात्र थोडी फुगलेली आहे. लहान लिंबातून जेमतेम 20 मिलिलिटर रस निघतो, म्हणजे क जीवनसत्त्व 10 मिलिग्रॅमच्या आसपास. रोजच्या गरजेसाठी एकट्या लिंबावर विसंबू नका. त्याचे खरे काम पुढच्या पायरीत आहे.

कोकणात आणि गोव्यात बोंडू, म्हणजे काजूचे फळ, संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व बाळगून असते आणि बी काढल्यावर बागेत ढिगाने सडते. त्याची फेणी होते ते ठीक, पण ऊर्ध्वपातनात क जीवनसत्त्व वर येत नाही, तेव्हा फेणीला औषध म्हणू नये. हंगामात ताजा रस गाळून चिमूटभर मीठ घालून प्या. घशाला थोडा खवखवतो, पण मोल आहे.

कडधान्यांची गोष्ट तर मला सर्वांत आवडते. कोरड्या मुगात क जीवनसत्त्व जवळपास नसतेच. भिजवून मोड आणले की अंकुर ते स्वतः तयार करतो. पण त्याच मुगाची उसळ कुकरला लावून शिट्ट्या केल्या की कमावलेले गेले. मूठभर मोड कच्चे किंवा नुसती वाफ दिलेले, वर कांदा-टोमॅटो-कोथिंबीर, असे खाणे फायद्याचे.

पायरी 5 : लोह असलेल्या घासासोबत द्या

पोह्यांवर लिंबू पिळायची आपली सवय आतड्याच्या पेशीच्या दृष्टीने फार शहाणी आहे. भाजीपाला, धान्य, कडधान्य यांतले लोह बहुतांश फेरिक रूपात असते आणि त्या रूपात पेशीचा लोहवाहक त्याला घेत नाही, फेरस रूपात घेतो. क जीवनसत्त्व दोन ठिकाणी मदत करते. आतड्याच्या पोकळीत ते फेरिकचे फेरस करते आणि लोह विरघळलेले ठेवते. शिवाय आद्यांत्राच्या (लहान आतड्याच्या पहिल्या भागाच्या) पेशीच्या आतले ॲस्कॉर्बेट पृष्ठभागावरच्या एका विकराला इलेक्ट्रॉन पुरवते आणि ते विकर बाहेरच्या लोहाचे रूप बदलते. म्हणजे आज शोषलेले क जीवनसत्त्व उद्याच्या लोहालाही हात देते.

करायचे काय, तर दोन्ही एकाच घासात आणा. बाजरीची भाकरी आणि पालेभाजी असेल तर सोबत कोबीची किंवा टोमॅटोची कोशिंबीर, कच्चा आवळा किसून, किंवा जेवण संपताच पेरूच्या फोडी. फळ चार वाजता वेगळे खाल्ले तर क जीवनसत्त्व मिळेल, पण दुपारच्या लोहाला पोकळीत मदत होणार नाही. जेवणाला लागून चहा घेतला तर त्यातली टॅनिन्स उलट काम करतात, तासभर थांबा.

एक खरे सांगायला हवे. एकेका जेवणाच्या चाचण्यांत हा परिणाम ठळक दिसतो, महिन्यांच्या मोजणीत त्यामानाने कमी. हिमोग्लोबिन 8 असेल तर लिंबाच्या भरवशावर राहू नका, डॉक्टरांनी दिलेली लोहाची गोळी घ्या.

पायरी 6 : पेशीपर्यंत पोचेपर्यंत जपा

उष्णता, हवा, पाणी आणि तांबे हे चार शत्रू. भाजी चिरून मग धुऊ नका, धुऊन मग चिरा. उकळलेले पाणी ओतून देऊ नका, आमटीत घाला. लिंबू गॅस बंद केल्यावर पिळा. फळ आयत्या वेळी कापा. शाळेच्या डब्यात सकाळी कापलेला पेरू द्यावा लागत असेल तर दोनच मोठ्या फोडी करा, पृष्ठभाग कमी उघडा पडतो. तांब्याच्या भांड्यात लिंबू-पाणी करून ठेवू नका. तांब्याचे आयन ऑक्सिडीकरणाला वेग देतात आणि आंबट पाण्यात तांबेही उतरते.

पायरी 7 : गोळी घ्यायचीच असेल तर

फळ-भाजी मिळत नसेल, आजारपणात खाणे होत नसेल, तर गोळी जरूर घ्या. फळातले आणि कारखान्यातले ॲस्कॉर्बिक आम्ल एकच रेणू आहे आणि पेशी त्यांत भेद करत नाही. केमिस्टकडे सर्रास मिळते ती 500 मिलिग्रॅमची चघळायची गोळी. ती अर्धी करून अर्धी जेवणासोबत सकाळी, अर्धी रात्री घेतली तर शोषण वाढते. जेवणानंतर पोट हळूहळू रिकामे होते, त्यामुळे वाहकांना वेळ मिळतो. लायपोसोमल (मेदाच्या सूक्ष्म थैल्यांत भरलेले) म्हणून महाग विकतात त्यातून रक्तातली पातळी साध्यापेक्षा काहीशी वर जाते खरी, पण साठा आधीच भरलेल्या माणसाला तेवढ्यासाठी दाम मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

दिवसाला 2 ग्रॅम ही प्रौढांसाठी वरची मर्यादा आहे. तिच्यापुढे न शोषलेले क जीवनसत्त्व मोठ्या आतड्यात पाणी ओढते आणि पोट फुगून जुलाब होतात. काहींना त्याच्या आतही त्रास होतो. तसे झाले तर जुलाबाचे औषध शोधण्याआधी डोस कमी करा.

पायरी 8 : इथे स्वतःच्या मनाने घेऊ नका

क जीवनसत्त्वाच्या काही भागाचे शरीरात ऑक्झलेट होते, आणि बरेच मूतखडे त्याचेच बनतात. ज्यांना मूतखडा झालेला आहे त्यांनी ग्रॅमच्या मात्रेत गोळ्या घेऊ नयेत. मूत्रपिंडाचा आजार असणाऱ्यांनी तर विचारल्याशिवाय एकही नाही. शरीरात लोह साठण्याचा आजार असेल किंवा थॅलेसेमियामुळे वारंवार रक्त चढवावे लागत असेल, तर लोहाचे शोषण वाढवणारी ही गोळी डॉक्टरांच्याच सांगण्यावरून. तांबड्या पेशींना जपणाऱ्या जी-सिक्स-पीडी विकराची कमतरता असणाऱ्यांना शिरेतून मोठा डोस दिला तर तांबड्या पेशी फुटू शकतात.

उलट बाजूही आहे. क्रोन आजार (आतड्याचा दीर्घकाळचा दाह), आतड्याचा मोठा भाग काढलेला असणे, वजन कमी करण्याची शस्त्रक्रिया, दीर्घकाळ मद्यपान, या सगळ्यांत शोषण किंवा सेवन कमी पडते. अशा माणसाच्या हिरड्यांतून रक्त येत असेल किंवा मांड्या-पोटऱ्यांवर विनाकारण काळेनिळे डाग पडत असतील, तर रक्तातली पातळी तपासून घ्यायला सांगा.

आणि तपासणीला जाताना गोळी चालू असल्याचे लॅबमध्ये आवर्जून सांगा. लघवीत भरपूर क जीवनसत्त्व असेल तर पट्टीच्या चाचणीत साखर किंवा रक्त असूनही नाही असे दिसू शकते. रसायनपट्टीने शौचातले छुपे रक्त तपासतात तिथेही हीच अडचण येते, म्हणून त्या चाचणीआधी तीन दिवस गोळी बंद ठेवायला सांगतात. शिरेतून मोठा डोस घेतलेल्या मधुमेहीने त्या दिवशी घरच्या ग्लुकोमीटरच्या आकड्यावर इन्सुलिन घेऊ नये. काही यंत्रे क जीवनसत्त्वालाच साखर समजून आकडा वाढवून दाखवतात.